गौताळा परिसरात माउंटन सायकल चालवण्याविषयी

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. कन्नडजवळच्या गौताळा औट्रम घाट अभयारण्यातील कच्च्या वाटांवर माउंटन सायकल चालवता येईल का, आणि त्यासाठी कोणता काळ योग्य?

पहिले उत्तर: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते, म्हणून आधी वन विभागाच्या कार्यालयात सायकलचा स्पष्ट उल्लेख करून विचारावे. परवानगी मिळाली तरी ठरलेली वाट सोडू नये. तिथे बिबट्याचा वावर आहे आणि निःशब्द सायकल त्याच्या अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही, त्यामुळे वळणावर घंटी वाजवावी व सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे.

दुसरे उत्तर: काळाबद्दल सांगतो. पावसाळ्यात काळी माती चाक आणि फ्रेमच्या मधल्या फटीत इतकी घट्ट भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते (मी तसे दोन किलोमीटर चाललो आहे), म्हणून जमिनीला वापसा आल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. उतारावर सुट्या मुरमावरून चाक घसरते. टायरमधील हवा थोडी कमी ठेवावी, शरीराचा भार मागे घ्यावा आणि पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, दादा. सोमवारी वन कार्यालयात अर्ज देतो.