शाळेसमोरचा डीपी रोड: पादचारी पूल, स्पीड ब्रेकर की आणखी काही? अर्जात नेमकं काय मागू?

शाळेसमोरचं_घर

आमच्या कॉलनीपुढचा २४ मीटरचा डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) गेल्या वर्षी काँक्रीटचा झाला. आधी खड्डे होते, त्यामुळे गाड्या आपोआप हळू यायच्या. आता पन्नास-साठने सुटतात. पलीकडे प्राथमिक शाळा, दवाखाना आणि दूध डेअरी. दिवसातून चार वेळा तरी प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी रस्ता ओलांडतंच.

जुलैत माझ्या सासूबाई (वय ७३) नातवाला शाळेत सोडून परत येत होत्या. डिव्हायडरपर्यंत नीट आल्या. पुढचा अर्धा रस्ता ओलांडताना उभ्या असलेल्या स्कूल व्हॅनच्या आडून दुचाकी आली. मनगट मोडलं, प्लेट घालावी लागली. दुचाकीवरचा मुलगा थांबला, त्यानेच रिक्षा बोलावली. त्याच्यावर माझा राग नाही. सासूबाई मात्र अजून म्हणतात, "मी बघितलं होतं गं, रस्ता मोकळा होता." त्यांना वाटतं चूक त्यांचीच झाली. ते मला सहन होत नाही, म्हणून मी मोजायला घेतलं.

एका रविवारी पहाटे मुलीला घेऊन टेपने मोजलं. अर्धा रस्ता साडेसात मीटर, मध्ये सव्वा मीटरचा डिव्हायडर, पुन्हा साडेसात. सासूबाईंना घरच्या पॅसेजमध्ये दहा मीटर चालायला १४ सेकंद लागतात. म्हणजे अर्ध्या रस्त्याला साडेदहा सेकंद. तेवढ्यात पन्नासच्या वेगाची गाडी जवळजवळ १४५ मीटर येते. पाऊल टाकताना त्यांना कोपऱ्यावरच्या रसवंतीपलीकडचं दिसायला हवं, तेही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, आणि मध्ये व्हॅन उभी असताना. त्यांनी बघितलं होतं, आणि तेव्हा रस्ता खरंच मोकळा होता.

झेब्रा पट्टे आहेत, पण शाळेच्या फाटकापासून साठ पावलं लांब, आणि ते थेट डिव्हायडरवर जाऊन आदळतात. तिथे डिव्हायडर फोडलेलाच नाही, वर बोगनवेल लावली आहे. फुटपाथ एक फुटाहून उंच, आणि मधोमध विजेचा बॉक्स.

प्रभाग कार्यालयात अर्ज दिला तेव्हा "पादचारी पूल प्रस्तावित आहे" असं तोंडी उत्तर मिळालं. कॉलनीतले म्हणतात स्पीड ब्रेकर मागा, पालक म्हणतात सिग्नल. मला एकच अर्ज द्यायचाय, पण असा की वाचणाऱ्या इंजिनिअरला "बघतो" म्हणता येऊ नये. काय मागू, आणि कोणाकडे?

निवृत्त_कनिष्ठ_अभियंता

ताई, तुम्ही मोजलंत तेच खरं काम आहे. ते आकडे अर्जात पहिल्या परिच्छेदात घाला.

मी एकतीस वर्षं रस्त्यांच्या कामात काढली. पूल मागू नका. खालून मोठी वाहनं जायची म्हणून साडेपाच मीटर उंची सोडावी लागते, वर गर्डर-स्लॅबची जाडी. पंधरा सेंटीमीटरची पायरी धरली तर चढायला चाळीस आणि उतरायला चाळीस. तुमच्या सासूबाई चढतील? दप्तर घेतलेली पहिलीतली मुलं रोज चढतील? चार दिवस चढतात, पाचव्या दिवशी खालूनच जातात. आणि पुलाच्या जिन्याने फुटपाथची निम्मी रुंदी खाल्लेली असते.

तुम्हाला हवं ते असं. शाळेच्या फाटकासमोर, लोक आज जिथून जातात तिथेच, उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग. आमच्याकडे त्याला टेबलटॉप म्हणायचे. फुटपाथच्या पातळीला आणलेला सपाट पट्टा, दोन्ही बाजूंना उतार. गाडीला तिथे वेग कमी करावाच लागतो आणि चालणाऱ्याला खाली उतरावं लागत नाही. त्यासाठी आधी फुटपाथ खाली आणावा लागेल. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांचे मापदंड ठरवणारी संस्था, हिची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३, सन २०१२ ची, २०२२ मध्ये सुधारलेली. त्यात फुटपाथची कडा जास्तीत जास्त १५० मिलिमीटर आणि चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. तुमचा एक फुटाचा फुटपाथ त्याच्या दुप्पट आहे. हा क्रमांक अर्जात लिहाच. साहेब लोकांना "त्रास होतो" यापेक्षा संहितेचा क्रमांक लवकर समजतो.

दुसरं, डिव्हायडर तिथे फोडून मध्ये थांबायला जागा. सव्वा मीटर कमी पडतं, मूल हाताशी धरून उभं राहिलं की दप्तर बाहेर येतं. दोन्हीकडची लेन थोडी अरुंद करून दोन मीटर करता येतं. त्यामुळे सासूबाईंना एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या पाहायच्या, आणि दमल्या तर थांबायचं. झाडं गुडघ्याच्या वर वाढू द्यायची नाहीत, नाहीतर मूल दिसत नाही.

तिसरं, पाणी. हे कोणी लिहीत नाही आणि मग पहिल्या पावसात क्रॉसिंगच्या कडेला डबकं साचतं, लोक बाजूने जातात, आणि पुढच्या वर्षी "उपयोग होत नाही" म्हणून ते उखडलं जातं. दोन्ही टोकांना पाइप किंवा जाळी टाकूनच अंदाजपत्रक करा, असं स्पष्ट लिहा.

साधा स्पीड ब्रेकर मागितलात तर कंत्राटदार डांबराचा उभा ढेकूळ टाकून जाईल आणि रात्री त्यावर दुचाकीवाले पडतील. आयआरसी ९९ प्रमाणे गोल ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा मी आयुष्यात मोजकाच पाहिला.

अर्ज शहर अभियंत्यांच्या नावे, प्रत प्रभाग कार्यालय आणि वाहतूक शाखेला. वाहतूक शाखेचा अभिप्राय नाही म्हणून फाइल अडते, तेव्हा तो तुम्हीच आधी मागून घ्या. सोबत माहिती अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या काँक्रीट कामाचं अंदाजपत्रक, नकाशा, मोजमाप पुस्तिका आणि दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने कामातले दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) मागा. नकाशात क्रॉसिंग असेल आणि जागेवर नसेल, तर नवीन निधीची गरजच नाही.

रोज_४०_किमी

मी रोज दुचाकीने कामावर जातो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. लोक कुठूनही मध्ये येतात, मोबाइल कानाला असतो. प्रत्येक शाळेपुढे गाड्या थांबवायच्या तर शहर चालणार कसं? डिव्हायडरवर उंच जाळी लावा आणि पूल करा, म्हणजे सगळे सुरक्षित.

शाळेसमोरचं_घर

दादा, सासूबाईंना धडक दिलेला मुलगाही रोज दुचाकीनेच कामावर जातो. दवाखान्यात त्याचे हात थरथरत होते. मला त्याच्यासाठीही हे हवंय. पन्नासच्या वेगात ब्रेक दाबून थांबायला साधारण २८ मीटर लागतात, तीसच्या वेगात १३-१४. शाळेपुढचे शंभर मीटर तीसने गेलात तर तुमचे पाच सेकंद जातील.

जाळी लावली तर शाळेचं फाटक समोर दिसत असताना आईला लांबचा वळसा घालावा लागेल. उन्हात, कडेवर लहान मूल असताना. ती वळसा घालणार नाही, जाळीच्या तुटलेल्या भागातून जाईल, आणि तिथे तिला पाहायची कोणालाच सवय नसेल.

पेठेतली_चालणारी

पुण्यातून लिहितेय. इथे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारलं. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले तेव्हा दुकानदार आणि गाडीवाले दोघेही वैतागले होते. आता संध्याकाळी तिथे आजी-आजोबा बाकांवर बसलेले असतात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात. एका दिवसाने रस्ता बदलत नाही, पण त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालताना आपण एरवी किती अंग चोरून चालतो ते कळलं.

तुमच्यासाठी दोन गोष्टी. नागरिकांनी अर्थसंकल्पात कामं सुचवायची पद्धत तुमच्याकडे आहे का विचारा, आमच्याकडे २००६ पासून आहे. ती मुदत चुकली की वर्ष जातं. आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ ला म्हटलंय की अडथळे नसलेले, अपंगांनाही वापरता येतील असे फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) खालचा हक्क आहे. विजेच्या बॉक्सबद्दल लिहाल तिथे हे जोडा.

व्हॅनवाले_काका

मी स्कूल व्हॅन चालवतो, तुमच्या गावात नाही, पण सगळीकडे तेच. व्हॅन क्रॉसिंगच्या तोंडाशी लावली की मागून येणाऱ्याला पोरगं दिसत नाही. आम्ही मुख्याध्यापिकांना सांगून जागा ठरवून घेतली, क्रॉसिंग सोडून पुढे पंचवीस-तीस पावलं. पोरं शाळेच्याच अंगाला उतरवायची, एकालाही रस्ता ओलांडायला लावायचं नाही. ह्याला पैसे लागत नाहीत आणि मंजुरी पण नाही. उद्याच शाळेत जाऊन बोला.

शाळेसमोरचं_घर

काका, आजच गेले. मुख्याध्यापिका आणि चार व्हॅनवाले भेटले. सोमवारपासून व्हॅन दवाखान्याच्या भिंतीकडे लागणार. तिथे मुलांनी चुन्याने रेघही मारली.

अर्ज लिहून झाला, दीड पान. तीनच मागण्या ठेवल्या आहेत: फाटकासमोर उंच क्रॉसिंग (पाण्याच्या वाटेसह), डिव्हायडरमध्ये दोन मीटरची थांबायची जागा, फुटपाथ १५० मिलिमीटरवर आणून विजेचा बॉक्स कडेला. अभियंता काका, माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा केला आहे, उद्या दोन्हींवर आवक क्रमांक घेते. कॉलनीतल्या १६२ सह्या झाल्या. पहिली सही सासूबाईंची आहे, डाव्या हाताने केलेली. नकाशा हातात आला की इथे लिहीन.