बर्नूलीने वेळ वाचत नाही

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टेबलसॅम्पल लावलं की क्वेरी टेबलातल्या सगळ्या ओळींऐवजी नमुन्यावर चालते. बर्नूली आणि सिस्टम या नमुना काढायच्या दोन पद्धती. 'टेबलसॅम्पल बर्नूली एक टक्का लावा, क्वेरी शंभरपट पळेल' असं म्हणतात, ते पटलं नाही. बर्नूली ओळीगणिक नाणेफेक करते, म्हणजे अख्खं टेबल वाचावंच लागतं. डिस्कचा वेळ वाचवते ती सिस्टम पद्धत, कारण ती ८ केबीची पानंच्या पानं (डिस्कवर ओळी साठवायचे ठोकळे) उचलते. आणि 'दोन सेकंदांत जमेल तेवढं' हवं असेल तर टीएसएम_सिस्टम_टाइम हे एक्स्टेन्शन, म्हणजे जोडणी, आहे. त्याला २००० मिलिसेकंद द्यायचे. मर्यादा फक्त टेबल वाचण्यापुरती, पुढच्या जॉइन-सॉर्टला, म्हणजे टेबलं जोडण्या-लावण्याला, ती लागू नाही. तिथे स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे अख्ख्या क्वेरीची वेळमर्यादा, वेगळा लावा.

खरी गोम पानांत आहे. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या आवकेचं टेबल धरा. नोंदी तारखेवार आत गेलेल्या, म्हणून एका पानावर सगळा आंबिया बहार, दुसऱ्यावर सगळा मृग बहार (संत्र्याचे दोन हंगाम). पानावरच्या ८० ओळी म्हणजे ८० स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, जेमतेम एक-दोन! ओळी मोजून काढलेली, अंदाज किती चुकू शकतो याची मर्यादा मग फसवी अरुंद येते. त्यापेक्षा सीटीआयडीतला (ओळीचा डिस्कवरचा पत्ता) पहिला आकडा, म्हणजे पान क्रमांक, घेऊन ग्रुप करा, पानागणिक बेरीज काढा आणि फरक पानापानांतला मोजा. एकूण आवक हवी तर पानाची सरासरी बेरीज गुणिले रेलपेजेस, म्हणजे पीजी_क्लास या पोस्टग्रेसच्या नोंदवहीत लिहिलेली टेबलाची एकूण पानं. ते शिळं असू शकतं, आधी अ‍ॅनालाइझ (ही आकडेवारी ताजी करणारी आज्ञा) चालवा. बहाराची अट व्हेअरमध्ये (ओळी आधीच गाळणारी) नको, बेरजेच्या फिल्टरमध्ये टाका आणि रिकामी (नल) आलेली बेरीज कोअलेस्कने शून्य करा. नाहीतर त्या बहाराची एकही ओळ नसलेली पानं गळतात आणि बेरीज फुगते.