मदत हवी आहे: भारंगीचा अर्क निघत नाही, आईच्या पातेल्यात मात्र निघतो

मंडळी, एम.एस्सी.चा प्रोजेक्ट अडकलाय. जाणकारांनी वाट दाखवा.

विषय रानभाज्यांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं. ठाणे स्टेशनबाहेर पावसाळ्यात आदिवासी मावश्या बसतात, त्यांच्याकडून टाकळा आणि भारंगी घेतली (घासाघीस केली नाही, उगाच पाप कशाला). ऐरोलीच्या घरी वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवली. जुलैची हवा, चार दिवस लागले. मग पूड, सॉक्सलेटमध्ये (द्रावकाची वाफ थंड करून पुडीवर पुन्हा पुन्हा सोडत अर्क काढणारं काचेचं उपकरण) मिथेनॉल, सहा तास. डीपीपीएच चाचणी (जांभळं द्रावण, अँटिऑक्सिडंट असतील तर रंग उतरून पिवळं होतं) 517 नॅनोमीटरवर.

टाकळा बरा निघाला. भारंगी दोनदा केली, दोन्हीदा जांभळा रंग जेमतेम फिका. सर म्हणतात, बारा तास चालव.

पण उरलेल्या ताज्या पानांची आईने भाजी केली. भारंगी कडू, म्हणून ती उकडून पाणी फेकते. ते पाणी गाळून चाचणीला लावलं, तर जांभळ्याचं बघता बघता पिवळं! हवं होतं ते मोरीत जात होतं की काय? वेळ वाढवू, की द्रावक बदलू?

प्रतिसाद: वाळलेली पानं कोणत्या रंगाची झाली होती?

धागाकर्ती: भारंगी काळपट तपकिरी. टाकळा हिरवाच राहिला.

प्रतिसाद: मग घोळ सॉक्सलेटच्या आधीच झालाय. पान हळूहळू सुकताना त्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर पॉलिफिनॉल्स, म्हणजे तुम्हाला हवी ती अँटिऑक्सिडंट द्रव्यंच, खात बसतं. चिरलेलं सफरचंद काळं पडतं, तेच. आईच्या उकळत्या पाण्यात ते लगेच मेलं. बारा तास चालवून गेलेलं परत येत नाही.

पानं आणाल त्याच दिवशी दोन मिनिटं वाफ द्या, मग ओव्हनमध्ये 40 अंशांवर वाळवा. निव्वळ मिथेनॉलऐवजी 70 टक्के इथेनॉल घ्या. पाण्याने पूड फुगते, ग्लायकोसाइड्स (साखर जोडलेली द्रव्यं) सुटतात. एक भाग पुडीला वीस भाग द्रावक. अल्ट्रासॉनिक बाथ (ध्वनिलहरींनी नमुना हलवणारं पाण्याचं भांडं) मिळाला तर वीस मिनिटं, पण पाणी तापतं, बर्फ टाकत राहा. अर्काला स्वतःचाही रंग असतो, म्हणून डीपीपीएच न घातलेला ब्लँक (तुलनेचा नमुना) लावाच.

आणि आईच्या पाण्याशी तुलना कोरड्या वजनावर केलीत का?

धागाकर्ती: नाही केली. ताजी पानं मोजलीच नव्हती 🙈 उद्या सकाळी परत ठाण्याला जाते. वाफेला मोदकपात्र चालेल?

प्रतिसाद: पळेल. फक्त पानं एकावर एक कोंबू नका.