स्वीटकॉर्नच्या बुंध्याशी आलेले फुटवे काढावेत का?

वाईची परसबाग:
घरामागच्या वाफ्यात जूनअखेर स्वीटकॉर्न टोकला. चार ओळी, ओळीत सहा, एकूण 24 ताटं. पाच आठवडे झाले, ताटं गुडघ्याच्या वर गेलीत आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बुंध्यातून दोन-तीन फुटवे आलेत. शेजारचे आजोबा म्हणाले, "हे जोर खातात, काढून टाक, नाहीतर कणसं बोटाएवढी राहतील." टोमॅटोची बगलफूट मी दर आठवड्याला खुडतेच, म्हणून कडेच्या सहा ताटांचे फुटवे ओढून काढले. दोघांची बुंध्याची साल सोलवटून आली, त्यातलं एक परवाच्या वाऱ्यात आडवं झालं. फार वाईट वाटलं. माझ्या लेकीने रोज शाळेतून आल्यावर या वाफ्यातलं तण काढलंय. उरलेल्या अठरांचं काय करू?

ऊसमका:
ताई, हात लावू नका. टोमॅटोचा नियम इथे चालत नाही. मक्याचे फुटवे आपल्या पानांवर स्वतःचं अन्न स्वतः तयार करतात, आणि कणीस भरताना त्यातलं मुख्य ताटालाही मिळतं. ते काढल्याने कणीस मोठं होत नाही, उलट जखमेतून रोग शिरायला वाट मिळते.

फुटवे येणं हे रोप खुशीत असल्याचं लक्षण. अंतर मोकळं असलं, शेणखत-युरिया भरपूर पडला की येतात. दाट पेरलेल्या मक्यात फारसे दिसत नाहीत, आणि कडेच्या ताटांना जास्त येतात, कारण तिथे ऊन जास्त. आमच्याकडे उसात तर जेठा कोंब (पहिला मुख्य कोंब) मोडतात, तेही फुटवे वाढावेत म्हणूनच.

आडवं झालेलं ताट आजच हलक्या हाताने उभं करा, माती चेपा आणि सगळ्याच ओळींना भर द्या. खालच्या पेरांतून आधारमुळं सुटली की ते धरून राहील.

कुंडीतला मका:
मी दोन वर्षांपूर्वी गच्चीवर एका ओळीचे फुटवे काढले, दुसरीचे ठेवले. कणसांत मला काहीच फरक दिसला नाही. एका फुटव्याच्या टोकाला मात्र तुऱ्यातच चार-पाच दाणे भरले होते! तसं दिसलं तर घाबरू नका, होतं कधीकधी.

माझी कणसं अर्धी बोडकी राहिली ती परागीकरणामुळे. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो; ज्याला पराग मिळाला नाही तो दाणा भरतच नाही. तुमच्या चार ओळी आहेत हे उत्तम. तरी केस बाहेर आले की सकाळी दव सुकल्यावर तुरे हलकेच हलवा. पावसाच्या झडीत तर नक्कीच.

वाईची परसबाग:
अठरांचे फुटवे तसेच ठेवतेय. आडव्या ताटाला लेकीने आणि मी मिळून भर दिली, आज सकाळी शेंडा सरळ झालाय. पण दोन ताटांच्या पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) भुशासारखी विष्ठा आणि पानांवर भोकं दिसली.

ऊसमका:
लष्करी अळी. 2018 पासून आपल्याकडे मक्याला हाच खरा त्रास आहे. एवढ्या ताटांना फवारणीची गरज नाही. रोज सकाळी पोंगा उघडून बघा, अळी चिमट्याने काढून मारा, पानामागे अंड्यांचा पुंजका दिसला तर चुरडा. फुटव्यांचे पोंगेही बघा, तिथेही लपते.

आणि केस आल्यापासून साधारण वीस दिवसांनी, ते तपकिरी झाले की, दाण्याला नख लावून बघा. दूध आलं की तोडा आणि त्याच दिवशी उकडा, गोडी झपाट्याने उतरते.