रानटर्कीची पहिली स्वारी: सँडहिल्स, पाइन रिज की ब्लॅक हिल्स? (बजेट ९०० डॉलर)

माळरान_ओमाहा
नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात शेजारच्या आजोबांबरोबर एका पहाटे टर्कीच्या शिकारीला गेलो होतो. हाती काही लागलं नाही. पण उजाडायच्या आधी नदीकाठच्या कॉटनवुडच्या झाडावरून तो नर ओरडला, तेव्हा छातीत जे धडधडलं ते अजून डोक्यातून जात नाही. यंदा आपलं आपण जायचं ठरवलंय. सोबत मेहुणा. तो डॅलसला असतो, वय २८, एच-१बी व्हिसावर. बंदूक त्याने फक्त टीव्हीवर पाहिलेली आहे.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, सहा दिवस. आपल्या नेब्रास्कातच हायवे २० धरून व्हॅलेंटाइन, म्हणजे सँडहिल्सचं माळरान. तिथून पाइनच्या टेकड्या, म्हणजे पाइन रिज (चॅड्रन, क्रॉफर्डची बाजू). जमलं तर वर साउथ डकोटात ब्लॅक हिल्सला.

विचारायचं हे: दोन राज्यं करावीत की एकच? बूट कुठले? डिकॉय (खोटी टर्की) घेऊ की ब्लाइंड (लपून बसायचा तंबू)? मुक्काम मोटेलात की तंबूत? बजेट लायसन्स सोडून दोघांचं मिळून ९०० डॉलर. बंदूक आजोबांची आहे, छर्र्यांची, १२ गेजची, जुनी.

बारा_बोअर
ब्लॅक हिल्स. विषय संपला. मेरियम जातीचा नर पाँडेरोसा पाइनखाली शेपटीची पांढरी किनार फुलवून उभा राहिला की बाकी सगळं विसराल. मी तीन वर्षांपूर्वी सेमी-ऑटो घेतली १८०० ला, तिच्यावर रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच), आणि काडतुसं फक्त टीएसएस. टंगस्टन आहे ते, शिशापेक्षा दीडपटीहून जड, त्यामुळे ९ नंबरचा बारीक छर्राही लांबवर जोर धरून राहतो. पाचांचं खोकं पन्नासच्या घरात जातं, पण गेल्या वर्षी एका गोळीत काम झालं. बजेट थोडं वाढवा. २५०० धरा.

माळरान_ओमाहा
९०० आहे हो.

वऱ्हाडी_डेन्व्हर
भाऊ, एप्रिलात ब्लॅक हिल्सले बर्फ पडते. मे मधी बी पडते. मी दोन दिवस हिल सिटीच्या मोटेलात टीव्ही पाहून आलो. वरून थंडीत पक्षी खालच्या रानात उतरलेले, अन् तिथं सगळी खासगी जमीन. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जा, तवा कोंबड्या अंड्यावर बसतात अन् नर एकटे पडून हाकेले येतात.

उकडीचा_मोदक
नुसतं विचारते. त्या पक्ष्याचा फोटो काढून समाधान नाही का होत? आपल्याकडे १९७२ पासून शिकार बंद आहे ती उगाच का? इथे आलं की लगेच बंदूक.

नाना_लिंकन
मोदकताई, तुमचं मन कळतं. पण तिकडचा कायदा इकडे जसाच्या तसा लावू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी इथल्या कितीतरी राज्यांतून पार नाहीसा झाला होता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळला, आज तो कर ११ टक्के आहे. पिंजऱ्यात वाढवलेल्या टर्की रानात सोडल्या तर त्या जगेनात. मग रानातलेच पक्षी तोफेने जाळं उडवून धरले आणि दुसरीकडे नेऊन सोडले. पाइन रिजमध्ये आज जे ओरडतात ते १९५९ मध्ये तिथे सोडलेल्या २८ पक्ष्यांचे वंशज.

माळरान, तुला सांगायचं ते वेगळंच आहे. तुझ्या यादीत सुरक्षिततेचं अवाक्षर नाही. लाल, पांढरा, निळा यातला कुठलाही रंग अंगावर नको. नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं. मी पहिल्या वर्षी निळी टोपी घालून गेलो. पाइन रिजमध्ये एका घळीतून आवाज आला म्हणून रांगत रांगत त्या दिशेने सरकलो. वीस मिनिटांनी दिसलं, झुडपामागे एक माणूस स्लेट (टर्कीचा आवाज काढायची पाटी) घासत बसलाय. त्याची नळी माझ्याकडे होती. त्याने शांतपणे "हॅलो" म्हटलं. मी घरी आल्यावर टोपी जाळली.

तेव्हा आवाजामागे जायचं नाही. खांद्यापेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं आणि त्याला आपल्याकडे आणायचं. दुसरा शिकारी दिसला तर हात हलवायचा नाही, तोंडाने मोठ्याने बोलायचं. मारलेला पक्षी नारिंगी कापडात गुंडाळूनच आणायचा.

बारा_बोअर
नाना बरोबर. शिवाय त्याची नजर! डोकं जरासं वळवलं की चारी दिशा दिसतात त्याला. वास मात्र फारसा येत नाही. म्हणून पूर्ण कॅमो (रानात मिसळून जाणारे कपडे) घ्या, मी घेतला तो सेट ४०० चा.

चिखल_अनुभवी
बुटांवर कोणीच का बोलत नाही? मला विचारा. क्रॉफर्डच्या उत्तरेला ओग्लाला ग्रासलँडमधून टोडस्टूल पार्ककडे जाणारा मातीचा रस्ता आहे. कोरडा असताना टेबलासारखा. रात्री पाऊण तास पाऊस झाला आणि सकाळी त्याचा चिकट गम झाला. इथले लोक त्या मातीला गम्बोच म्हणतात. भाड्याची कार चाकाच्या कमानीपर्यंत माखली, चाकं फिरायचीच थांबली. ओढून न्यायला आलेल्या माणसाने चारशे घेतले, वर गाडी धुवायचे वेगळे. माझे २४० डॉलरचे वॉटरप्रूफ बूट होते. पाणी आत आलं नाही हे खरं, पण एक बूट चिखलातच राहिला आणि मी मोज्यावर पुढे गेलो.

माळरान_ओमाहा
म्हणजे बूट घेऊ की नको?

चिखल_अनुभवी
पाऊस पडला की तो रस्ता घेऊ नका, असं म्हणतोय.

कायद्याचं_बोला
मेहुण्याचं कोणीच वाचलेलं दिसत नाही. नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स खिशात असेल तर चालतं. पण लायसन्स आधी, बंदूक नंतर. रेंजवर सराव करताना आजोबांची बंदूक नुसती हातात घेतली तरी ते बाळगणंच धरलं जाऊ शकतं. "मित्राचीच आहे, पाच मिनिटं धरतो" हे चालत नाही. राज्याचे नियम वरून वेगळे. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला दोन ओळींचा मेल टाका, ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्याने हा धोका पत्करू नये.

आणि तो २८ चा आहे ना? नेब्रास्कात १२ ते २९ वयाला बंदुकीने शिकार करायची तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, नाहीतर अप्रेंटिस (शिकाऊ) सवलतीचं प्रमाणपत्र घेऊन अनुभवी माणसाबरोबर जायचं. तो राज्याबाहेरचा असल्यामुळे परवान्यांचा कोटाही बघा, बाहेरच्यांसाठी आता मर्यादा आहे.

वऱ्हाडी_डेन्व्हर
हे बेस सांगितलं. कोलोराडोत तर १ जानेवारी १९४९ ले अन् त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यायले कोर्स लागते. माह्या सासऱ्यायले बी लागला.

अवांतर_सम्राट
अवांतर: बेंजामिन फ्रँकलिनला टर्की हाच राष्ट्रीय पक्षी हवा होता. आणि आपण याला टर्की म्हणतो तर तुर्कस्तानात याचं नाव काय? "हिंदी"! पोर्तुगीज म्हणतात "पेरू". म्हणजे पक्षी अमेरिकेचा आणि नाव मात्र प्रत्येकाने दुसऱ्याच्या देशाचं दिलं.

नाना_लिंकन
फ्रँकलिनने तशी मागणी कधी केली नाही. १७८४ मध्ये मुलीला पत्र लिहिताना गरुडापेक्षा टर्की जास्त अब्रूदार आहे असं म्हटलं होतं, तेही थट्टेत. "हिंदी"चं मात्र खरं आहे.

अवांतर_सम्राट
थट्टेत होतं हे तुम्हाला कसं कळलं?

कंदील
भांडण बाजूला ठेवून माझं एक ऐका. व्हॅलेंटाइन ज्यात येतं त्या चेरी काउंटीच्या आतूनच टाइम झोनची रेघ जाते. आम्ही रेघेच्या अलीकडे तंबूत होतो आणि फोनने रात्रीतून पलीकडच्या टॉवरचं घड्याळ धरलं. चारचा गजर झाला तेव्हा इथे पाच वाजून गेले होते. जागेवर पोचलो तर नर झाडावरून उतरून कोंबड्यांच्या मागे निघून गेलेला. सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून परवानगी असते, तो अर्धा तासच सगळा असतो हो. फोनचं आपोआप झोन बदलणं बंद करा आणि साधं मनगटी घड्याळ घाला. माझं बारा डॉलरचं आहे.

डिकॉयबद्दल: एक कोंबडीचा घ्या, घडी होणारा. ब्लाइंड नको, माळावर वारा असा असतो की तो आयोवात जाऊन पडेल.

बारा_बोअर
मी तर नराचा फुललेला डिकॉय वापरतो, खऱ्या पिसांचा.

नाना_लिंकन
सरकारी रानात नराचा डिकॉय लावू नका. का ते माझ्या टोपीवरून समजून घ्या.

कोल्हापुरी_रस्सा
मी शिकार करत नाही, शेजारी आणून देतो. छातीचं मांस वेगळं काढा, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर भुसा होतो. तंगड्या दिवसभर चालणाऱ्या पक्ष्याच्या आहेत, बाजारातल्या टर्कीसारख्या नाहीत. कुकरला सात-आठ शिट्ट्या, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, तांबडा रस्सा झकास होतो. छर्रे बघून खा. माझ्या दाढेचा टवका उडाला, क्राउनला जे गेले त्यात तुमची ही ट्रिप झाली असती.

चिखल_अनुभवी
गोचिड्यांबद्दल कोणी सांगितलं का? कपड्यांवर परमेथ्रिन (किडे मारायचं औषध) मारा, वाळू द्या, मग घाला. अंगावर मारू नका. आणि दुपारी ऊन आलं की खडकाळ उतारावर बसताना आधी बघा, प्रेअरी रॅटलर साप असतात.

गावठी_गेज
बारा_बोअर साहेब टीएसएस टीएसएस करतायत, पण आजोबांच्या जुन्या बंदुकीचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) किती इंचाचं आहे हे कोणी विचारलं का? नळीवर कोरलेलं असतं. पावणेतीन इंची चेंबरमध्ये तीन किंवा साडेतीनचं काडतूस घालायचं नाही, आत बसलं तरी नाही. ते बघा, चोक (नळीचं तोंड आवळणारा भाग) कुठला आहे तो बघा. मग चाळीस यार्डांवर मोठा कागद लावून बार काढा आणि दहा इंचाच्या वर्तुळात किती छर्रे बसले ते मोजा. शंभरच्या आसपास असतील तर छान. नसतील तर तीस यार्डांवर या, पुन्हा मोजा. जिथे बसतील तीच तुमची हद्द. मी शिशाच्या पाच नंबरवर सोळा वर्षं पक्षी आणतोय.

उकडीचा_मोदक
नानांचा तो २८ पक्ष्यांचा मुद्दा वाचला. पटला असं नाही, पण माहीत नव्हतं. तोफेने जाळं म्हणजे कसं हो? पक्ष्यांना लागत नाही का?

नाना_लिंकन
मका टाकून ठेवायचा, रोज खायची सवय लावायची. एके दिवशी सगळे माना खाली घालून टिपत असताना जाळं वरून जातं. उंच माना असतील तर थांबायचं, तेव्हाच लागतं.

माळरान_ओमाहा
सगळ्यांचे आभार. आजोबांकडे जाऊन आलो. नळीवर २ ३/४ कोरलेलं आहे. गावठी_गेज, तुम्ही नसता तर मी तीन इंचाचं खोकं घेऊन आलो असतो. रेंजवर गेलो, तीस यार्डांवर ११० छर्रे बसले, चाळीसला ६०. म्हणजे माझी हद्द तीस.

मेहुण्याचा कोर्स सुरू झाला, परवानाही मिळाला. त्याआधी त्याने बंदुकीला हात लावला नाही. आजोबांनी दोनदा पुढे केली, दोन्ही वेळा तो हात मागे बांधून उभा राहिला.

आता ठरलेलं सांगतो, शिव्या घाला. ब्लॅक हिल्स रद्द. पाइन रिजही रद्द. सहाही दिवस सँडहिल्समध्येच, नेन्झेलच्या दक्षिणेला मॅकेल्वी राष्ट्रीय वनात. माळाच्या मधोमध लावलेलं पाइनचं रान आहे, जमीन सरकारी, स्टीअर क्रीकला तंबू. दोन दिवस नायोब्रराच्या काठी, आजोबांच्या ओळखीच्या रँचवर, त्यांचा फोन झालाय. मेपर्यंत थांबत नाही, सुट्टी एप्रिलचीच आहे.

बूट घेत नाहीये, बागेतले गमबूट आहेत. डिकॉय नाही. आजोबांनी त्यांचा लाकडी बॉक्स कॉल दिलाय, झाकणाला खडू घासून वाजवायचा, कडेला त्यांच्या बोटाचा खळगा पडलाय. बायको म्हणते, रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये दार कुरकुरतंय असं वाटतं.

बारा_बोअर
पाइन रिज सोडून मॅकेल्वी?! निदान टीएसएस तरी घ्या. पावणेतीन इंचातही मिळतं.

माळरान_ओमाहा
नाही.

वऱ्हाडी_डेन्व्हर
गमबुटात पाय गारठतीन भाऊ. दोन जोड लोकरीचे मोजे ठेव.

कंदील
नेन्झेल म्हणजे पुन्हा चेरी काउंटी. घड्याळ!