इंग्रजी शब्दांतील मुका ‘जीएच’

प्रश्न: सहावीतील मुलीला शिकवताना अडलो. ‘नाइट’ (रात्र), ‘डॉटर’ (मुलगी) यांत ‘जीएच’ मुका, ‘लाफ’ (हसणे), ‘कफ’ (खोकला) यांत त्याचा ‘फ’, तर ‘गोस्ट’मध्ये (भूत) साधा ‘ग’ होतो. यामागे काही कारण आहे का?

उत्तर १: ही अक्षरे एकेकाळी उच्चारली जात. जुन्या इंग्रजीत घशातून घासत येणारा, ‘ख’च्या जवळचा एक ध्वनी होता; जर्मनमधील ‘नाख्ट’ (रात्र) आणि ‘टोख्टर’ (मुलगी) या शब्दांत तो आजही ऐकू येतो. प्रमाण इंग्रजीत तो कुठे लोपला, कुठे त्याचा ‘फ’ झाला. छपाईमुळे स्थिरावलेले लेखन मात्र बदलले नाही. (आपला ‘कफ’ संस्कृतातला, खोकल्याच्या इंग्रजी ‘कफ’शी त्याचे नाते नाही, हा निव्वळ योगायोग!)

उत्तर २: मुलीला ‘नक्तम्’, ‘अष्ट’ आणि ‘दुहिता’ हे शब्द जरूर सांगा, कारण ते ‘नाइट’, ‘एट’ आणि ‘डॉटर’ यांचे सख्खे भाऊबंद आहेत, ‘नक्तम्’मधला ‘क’ जिथे आहे, नेमका तिथेच इंग्रजीत ‘जीएच’ बसला आहे.

उत्तर ३: ‘गोस्ट’ची गोष्ट वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत त्यात ‘एच’ नव्हता. १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढणारे विल्यम कॅक्स्टन त्याआधी आजच्या बेल्जियममधील ब्रूज शहरात राहिले होते, आणि तो ‘एच’ तिथल्या फ्लेमिश लेखनाच्या प्रभावाने आला, असे सामान्यतः मानले जाते. ‘डिलाइट’ (आनंद) तर फ्रेंचमधून आलेला. ‘लाइट’च्या नादाने त्याला उगाच ‘जीएच’ चिकटला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. ‘दुहिता’पासूनच सुरुवात करतो.