ब्रश दिसताच दिवाणाखाली पळणारे पिल्लू : विंचरण्याची सवय कशी लावावी?

वाशिष्ठीकाठ :

आमच्याकडे बर्फी नावाची ५ महिन्यांची पांढरी कुत्री आहे. देणाऱ्याने ती पॉमेरियन म्हणून दिली होती. पहिल्या लसीच्या वेळी पशुवैद्यांनी ती इंडियन स्पिट्झ असल्याचे सांगितले आणि आता तिची उंची पाहता ते पटते. स्वभावाने ती मायाळू आहे, खाण्यापिण्याची तक्रार नाही. अडचण एकच आहे, पण ती दिवसेंदिवस वाढत चालली आहे : ती अंगाला ब्रश लावू देत नाही.

चूक कोठे झाली याचा मला अंदाज आहे. ती सव्वातीन महिन्यांची असताना एका रविवारी आम्ही तिला आंघोळ घातली आणि अंग ओले असतानाच तारांच्या ब्रशने विंचरायला घेतले. कानामागचा गुंता ओढला गेला, ती किंचाळली, सासऱ्यांनी तिचे पुढचे पाय धरून ठेवले आणि एकदा हात घातलाच आहे तर पुरे करू, या विचाराने मी आणखी दहा मिनिटे ते काम रेटले. तेव्हापासून तिने असा धसका घेतला आहे की टीव्हीखालच्या ज्या खणात ब्रश असतो, तो खण करकरला की ती दिवाणाखाली जाऊन बसते. रिमोटच्या बॅटऱ्याही त्याच खणात असल्यामुळे बॅटरी काढायला गेले तरी तोच प्रकार होतो. बाहेर ओढून काढले तर ती ब्रशला दात लावते, आणि गेल्या आठवड्यात तिने माझ्या मनगटालाही लावले.

आम्ही चिपळूणला राहतो, पावसाळा तोंडावर आला आहे आणि तिच्या कानामागे व मांड्यांच्या आतल्या बाजूला जटा धरू लागल्या आहेत. सवय लावण्याचे वय निघून गेले आहे का? शेजारी म्हणतात त्याप्रमाणे एकदा पार्लरमध्ये नेऊन सगळे केस मशीनने उतरवून टाकावेत का?

भीमथडी :

वय निघून गेलेले नाही. नव्या गोष्टी पिल्लाच्या सहज अंगवळणी पडतात तो काळ साधारणपणे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा असतो, आणि तुमची ती आंघोळ नेमकी त्याच्या शेवटाला झाली. यापुढे शिकवायला वेळ अधिक लागेल इतकेच. माझ्या घरी गेली बावीस वर्षे लांब केसांची कुत्री आहेत. त्यांतील दोन याच अवस्थेत आली होती.

आपल्याला बर्फीला विंचरायला शिकवायचे नाही, तर ब्रश या वस्तूचा तिच्या मनातला अर्थ बदलायचा आहे, आणि तो बदलेपर्यंत विंचरणे पूर्ण बंद ठेवावे लागेल. जटांचा प्रश्न तेवढ्या काळात वेगळ्या मार्गाने सोडवावा. त्याविषयी येथील एखाद्या पशुवैद्यांनी सांगितले तर बरे.

पहिली गोष्ट म्हणजे तो खण. ब्रश तेथून काढा आणि दिवसभर बैठकीत सतरंजीवर उघडा पडू द्या. त्याच्या आजूबाजूला उकडलेल्या कोंबडीचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे टाकून ठेवा आणि आपण तेथून बाजूला व्हा. ती येऊन खाईल, ब्रश हुंगेल, निघून जाईल. खणाच्या आवाजासाठी वेगळी तालीम करावी : खण करकरला की लगेच दोन तुकडे जमिनीवर, आणि हे दिवसातून पाचसहा वेळा, ब्रशचा कोणताही संबंध नसताना. आवाज आधी, खाऊ नंतर, हा क्रम उलटू देऊ नये. खाऊ दाखवून मग ब्रश काढला तर काही दिवसांनी ती खाऊकडेच संशयाने पाहू लागते. हा अनुभव मी स्वतः घेतला आहे आणि तो निस्तरायला दीड महिना गेला.

ती ब्रशजवळ मोकळेपणाने येऊ लागली की ब्रश हातात घ्या, तो हातात असेपर्यंत खाऊ चालू ठेवा आणि ब्रश पाठीमागे लपवला की खाऊ थांबवा. त्यानंतर ब्रशची पाठ, म्हणजे तारा नसलेली बाजू, खांद्याला एकदा टेकवून उचला. पुढच्या टप्प्यावर तारांची बाजू एकदाच, चार बोटे अंतर, केसांच्या दिशेने. एका बैठकीला मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ देऊ नका, पण अशा बैठका दिवसातून दोन ठेवा. खांदा आणि छातीची बाजू आधी. शेपटी, पाय, पोट आणि कान सर्वांत शेवटी.

तिची जागाही बदला. गुळगुळीत फरशीवर पाय घसरत असताना कोणतेच पिल्लू स्वस्थ उभे राहत नाही, म्हणून खाली रबरी पायपुसणे घाला. पुढे दोन-तीन मिनिटे विंचरण्याची वेळ येईल तेव्हा स्टीलच्या ताटाला घट्ट दही माखून ते तिच्यापुढे ठेवावे. चाटण्यात ती रमते आणि आपले दोन्ही हात मोकळे राहतात.

आणि कृपया, पाय धरणे बंद. सासऱ्यांना हे समजावणे बर्फीला समजावण्यापेक्षा अवघड जाईल याची मला कल्पना आहे.

रानजाई :

मी पशुवैद्यक व्यवसायात आहे. वरील पद्धत योग्य आहे, परंतु ती सुरू करण्यापूर्वी पिल्लाला कोठे दुखत नाही ना, हे तपासून घ्यावे. हात लावू न देणाऱ्या पिल्लांपैकी काहींच्या कानात संसर्ग असतो, काहींच्या जटेखालची कातडी लाल होऊन चिघळलेली असते, तर काहींच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड बसलेली असते. आपल्या भागात पावसाळ्याच्या आगेमागे गोचीड विशेष पाहावी लागते. कानाची आतली बाजू, मानेचा पट्टा बसतो ती जागा आणि पायाची बोटे रोज बोटांनी चाचपावीत. गोचीडनाशक औषध वय आणि वजन पाहून पशुवैद्यांकडूनच घ्यावे.

तिच्या जटा घरी कात्रीने कापू नका. जटेबरोबर कातडी वर ओढलेली असते आणि केस समजून कातडी कापली गेल्याची पिल्ले आमच्याकडे टाके घालायला येतात. मशीनने तेवढीच जट काढून घ्यावी आणि ते पशुवैद्यांकडे करावे. लहान, सैल गुंता असेल तर त्यात थोडे कॉर्नफ्लोअर चोळावे, गुंता आणि कातडी यांच्यामध्ये केस चिमटीत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून मुळाकडे थोडेथोडे सोडवत यावे. आधी विंचरणे आणि मग आंघोळ हा क्रम पाळावा, कारण पाणी लागले की गुंता आवळतो. आंघोळीनंतर आतला लोकरीसारखा थर पूर्ण वाळला पाहिजे. कोकणातल्या दमट हवेत तो वरून कोरडा वाटतो आणि आत ओल धरून राहतो. माणसांचा शाम्पू नको, तिच्या कातडीला तो मानवत नाही. खोबरेल तेलही नको. त्यावर धूळ बसते आणि उरलेले ती चाटून पोटात घेते.

सगळे केस उतरवण्याला माझा विरोध आहे. स्पिट्झच्या अंगावर दोन थर असतात : वरचे राठ केस आणि आतला मऊ थर. हे आवरण थंडीप्रमाणेच उन्हापासूनही तिला जपते, आणि एकदा मुळापासून काढल्यावर ते पुन्हा पूर्वीसारखे येईलच असे नाही. शिवाय ५ महिन्यांच्या या वयात तिचे जावळ जाऊन मोठेपणीचे केस येत आहेत, म्हणूनच गुंता एकाएकी वाढल्यासारखा वाटतो. हे काही महिन्यांचे काम आहे.

मनगटावर दात लागले तेथे खरचटले असेल, तर पिल्लाला रेबीजची लस दिलेली असली तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवून डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

जुनावाडा :

मतभेद नोंदवतो. धडपड केली की सोडून द्यायचे, असे केले तर ती धडपड करायलाच शिकेल. आमच्या वडिलांनी कुत्री पाळली, ती मांडीत दाबून विंचरली, आणि एकही चावरे निघाले नाही. आजकाल पिल्लांना फार लाडावले जाते असे मला वाटते. उद्या तिला सलाइन लावायची वेळ आली तर दह्याचे ताट घेऊन बसणार का?

भीमथडी :

जुनावाडा यांच्या म्हणण्यातला पहिला भाग बरोबर आहे, आणि मी तो लिहायला हवा होता. धडपड झाल्यावर ब्रश उचलला तर पिल्लू तेच शिकते. त्यामुळे धडपडीची वेळ येण्यापूर्वी आपणच थांबायचे असते, आणि ती वेळ जवळ आली हे ओळखता यावे लागते. पिल्लू आधी तोंड फिरवते, मग खाऊ समोर नसतानाही जिभेने नाक चाटते, झोप नसताना जांभई देते, डोळ्यांचा पांढरा भाग कडेला दिसू लागतो आणि अंग ताठ होते. गुरगुरणे यानंतर येते आणि दात त्याच्याही नंतर. तोंड फिरवले तेव्हाच थांबलात तर पुढचे काही घडत नाही. गुरगुरल्याबद्दल मात्र रागावू नये. गुरगुरणे बंद केलेले कुत्रे सूचना न देता चावते.

मांडीत दाबून विंचरलेली कुत्री निमूट बसत, हे मीही पाहिले आहे. निमूट बसणे आणि हरकत नसणे यांतला फरक त्यांचे कान आणि शेपटी पाहिली असती तर कळला असता, असे मला आता वाटते. सलाइनचा मुद्दा रास्त आहे. तशा प्रसंगी धरावेच लागते, पण रोज धरलेल्या कुत्र्यापेक्षा कधीच न धरलेले कुत्रे त्या एका दिवशी जास्त सहन करते.

हनुवटी टेकवण्याची एक युक्ती उपयोगी पडेल. तळहात पुढे करावा, तिने त्यावर हनुवटी ठेवली की खाऊ द्यावा. हे पक्के झाले की हनुवटी तळहातावर असेपर्यंतच ब्रश फिरवायचा आणि तिने ती उचलली की ब्रशही उचलायचा. थांबवण्याची सोय आपल्याकडे आहे हे तिला कळले की ती फार कमी वेळा थांबवते. नखे कापण्यासाठीही हीच रीत चालते. तेथे एका दिवशी एकच नख आणि तेही टोकाचे मिलिमीटरभर, कारण आतली रक्तवाहिनी कापली गेली तर महिन्याची मेहनत वाया जाते.

जाता जाता, तो तारांचा ब्रश आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला फिरवून पाहा. तेथे लाल ओरखडे उठत असतील तर हात जड पडतो आहे.

वाशिष्ठीकाठ :

सर्वांचे आभार. साडेचार आठवड्यांनी लिहीत आहे.

पशुवैद्यांनी डाव्या कानात संसर्ग असल्याचे सांगितले, म्हणजे कानाजवळ हात नेला की ती दात का लावत होती याचे अर्धे उत्तर तेथेच मिळाले. थेंब दिल्यावर दहा दिवसांत कान बरा झाला. जटा त्यांनीच मशीनने काढल्या. माझ्या मनगटावर खरचटले नव्हते.

खणाची भीती जायला नऊ दिवस लागले. आता खण करकरला की ती धावत येते आणि बॅटरी काढणाऱ्यालाही खाऊ द्यावा लागतो, ही नवीनच पीडा झाली आहे. ब्रशची पाठ टेकवण्यापर्यंत सगळे सुरळीत झाले. तारांची बाजू आली तेव्हा ती पुन्हा दोन दिवस लांब राहिली, म्हणून एक पायरी मागे गेलो. कोपरावर ब्रश फिरवून पाहिला तर खरोखरच ओरखडे उठले. तो ब्रश बाजूला ठेवून टोकांना गोळे असलेला मऊ ब्रश आणला आणि हात हलका केला. आता दोन्ही खांदे, पाठ आणि छाती मिळून तीन मिनिटे होतात. केस एका हाताने वर धरून खालून एकेक थर सोडवत गेले की आतले मऊ केस मूठभर निघतात. मांड्यांना अजून हात लावू देत नाही, आणि नखांचा विषय आम्ही काढलेलाच नाही.

सासरे पहिले आठ दिवस तोंड वाकडे करून बसले होते. काल दुपारी मी स्वयंपाकघरातून पाहिले, तर ते सतरंजीवर मांडी घालून बसले होते, तळहातावर बर्फीची हनुवटी होती, आणि ब्रश जवळपास कोठेही नव्हता. दही मात्र संपले होते.

आता एक शंका आहे : तिने हनुवटी स्वतःहून ठेवली, पण समोर ब्रश नसेल तर तेव्हाही खाऊ द्यावा का?

भीमथडी :

द्यावा. दही मात्र जरा जपून; तेवढे तिच्या जेवणातून कमी करा.